दार उघडं, ब्याऐंशी टक्के

आरेनू हा देश नकाशावर शोधायचा तर आधी चष्मा पुसून घ्यावा लागतो. हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या जरा खाली, माशी बसून उठल्यासारखे काही ठिपके आहेत, तेच ते. लोकसंख्या आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी. मुख्य उत्पन्न टूना मासा, मुख्य करमणूक आपल्याकडच्या जुन्या हिंदी मालिका. या देशाच्या राजकारणावर साऱ्या भारतात अधिकारवाणीने बोलू शकेल असा चाळीस वर्षं एकच माणूस होता, आणि तो समुद्रापासून शक्य तितक्या लांब, नागपुरात धंतोलीला राहत होता. डॉ. दिवाकर किनखेडे. त्यांना बोट लागायची. आरेनूच्या सतरा बेटांपैकी सोळा त्यांनी मांडीवर बादली घेऊन पाहिली होती.

तज्ज्ञ म्हणून त्यांचं आयुष्य तसं शांततेत गेलं. आरेनूत सात-आठ वर्षांतून एकदा बंड व्हायचं आणि तेव्हाच किनखेड्यांचा फोन वाजायचा. "सर, हे आरेनू नेमकं कुठे आलं?" इथपासून वाहिन्यांची सुरुवात. सर न चिडता सांगायचे. चार दिवस इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीवर दिसायचे, पाचव्या दिवशी बंड मोडायचं आणि सर पुन्हा भाजी आणायला मोकळे.

त्यांच्यानंतर हा देश नीलाक्षीकडे आला, जसं एखाद्या घरात बापाचं दुकान मुलीकडे येतं. ती त्यांचीच मुलगी आणि त्यांचीच विद्यार्थिनी, त्यांच्याच शेजारदेश अभ्यास केंद्रात वीस वर्षं काम केलेली. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. ते गेले तेव्हा ती आरेनूच्या राजधानीत एका परिसंवादात 'लहान राष्ट्रांच्या नकाराचे अर्थ' या विषयावर बोलत होती. घरून निघताना बाबांना ताप होता. "थांबू का?" असं तिने विचारलं होतं. ते म्हणाले, "मी ठीक आहे. तू जा." ती गेली. विमानतळावर पोचली तोवर त्यांचा आवाजी निरोपही आला, मजकूर तोच. तो निरोप अजून तिच्या फोनमध्ये होता. तिने तो पुन्हा ऐकला नव्हता आणि पुसलाही नव्हता.

यंत्र केंद्रात आलं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात.

यंत्र बांधलं प्रज्ञा मेश्रामने. प्रज्ञा ध्वनिशास्त्राची डॉक्टर, नागपुरातल्याच इंदोऱ्याची, आणि तिच्या जिभेवर कधी गंज चढलेला कोणी पाहिला नव्हता. दिसायला यंत्र पोळ्यांच्या डब्याएवढं, गोल, झाकणावर एक छोटा पडदा. ते बोलणं ऐकत नसे; बोलण्यांमधलं न-बोलणं ऐकत असे.

"सोपं आहे, ताई," प्रज्ञाने पहिल्या दिवशी सांगितलं. "होकाराला घाई असते, नकाराला वेळ लागतो. कोणी काही विचारलं की प्रश्न संपायच्या आधीच आपला मेंदू उत्तराची जुळवाजुळव करायला लागतो. हो म्हणायचं असलं तर उत्तर प्रश्नाच्या शेपटीला धरूनच बाहेर येतं. नाही म्हणायचं असलं तर आधी एक बारीक श्वास आत जातो, गळ्याचे स्नायू आवळतात, आणि मग 'त्याचं काय आहे ना' सुरू होतं. आपण हे कानाने पकडत नाही, मनाने पकडतो. यंत्र ते सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात मोजतं."

"मग ते कुठल्याही देशाला चालेल."

"तिथेच तर घोडं अडलं. प्रत्येक समाजाचा थांबा निराळा. एकीकडे जो थांबा म्हणजे नकार, तो दुसरीकडे नुसता मोठ्यांचा मान. म्हणून यंत्राला हजारो दाखले द्यावे लागतात: माणूस असा थांबला, असं बोलला, आणि पुढे त्याने खरंच काय केलं. मोठ्या भाषांचे दाखले पोत्याने पडलेत. तुमच्या आरेनूचे कोण देणार? इवलासा देश. साऱ्या जगात एकाच माणसाने जमवून ठेवलेत."

ते म्हणजे बाबांच्या कॅसेटी. चाळीस वर्षांत त्यांनी आरेनूचे मंत्री, मच्छीमार, मौलवी, बंडखोर अशा साऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पाहुणा उठून गेला की त्याच कॅसेटवर ते आपला निवाडा बोलून ठेवत. तो मराठीत, म्हणजे यजमानांना कळायला नको. आणि वर्षा-दोन वर्षांनी, त्या माणसाने प्रत्यक्षात काय केलं तेही पुढे जोडत. निवाड्याची भाषा मात्र राज्यशास्त्राची नव्हती. माणूस नाही म्हणतोय पण पुन्हा विचारलेलं त्याला हवंय, असं वाटलं की बाबा म्हणत, "दार उघडं." अडलंय ते मुद्द्यावर नाही, मानावर, असं असलं की "जावईबापू." तयार आहे, आता सही घ्या, याला "ताट वाढलं." आणि खरोखरच नको आहे, आता थांबा, याला "पोट भरलं."

दुसऱ्या कुठल्या शहरात यंत्र बांधलं असतं तर या खुणा बदलून काही इंग्रजी नावं ठेवली गेली असती. प्रज्ञाला त्यांत बदलण्यासारखं काही दिसलंच नाही. तिच्या घरीही माणसं याच चार प्रकारची होती. तिने यंत्राला त्या जशाच्या तशा शिकवल्या. बाबांचा स्वतःचा आवाज प्रत्येक कॅसेटवर होता; त्याला तिने 'विचारणारा' अशी खूण लावली आणि बाजूला काढला. मोजायचं होतं ते उत्तर देणाऱ्याला.

पहिली चाचणी किनखेड्यांच्या घरी झाली. आरेनूचं यंत्र नागपूरकरांवर साफ चुकतं हे सिद्ध करून प्रज्ञाला अहवालात एक परिच्छेद लिहायचा होता. तिने डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तेवढ्यात शेजारच्या गोतमारेकाकू दारात उभ्या राहिल्या.

"या ना," आई म्हणाली.

"नाही जी, बसत नाही. गॅसवर कुकर ठेवून आली मी. सहज डोकावली."

पडद्यावर अक्षरं उमटली: दार उघडं, ब्याऐंशी टक्के.

आईने चष्मा वर करून वाचलं आणि मुकाट्याने चहाचं आधण ठेवलं. काकू दिवेलागणीपर्यंत बसल्या. कुकरचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

"हे कसं काय?" प्रज्ञा डोकं खाजवत म्हणाली. मग तिचं तिलाच उमगलं. "निवाडा देणारा कान नागपूरचा ना, ताई! सरांनी साऱ्या आरेनूला धंतोलीतलं समजूनच ऐकलं."

आईला यंत्र आवडलं. आठ महिन्यांत तिला काही आवडल्याचं नीलाक्षीने पाहिलं नव्हतं. काकू गेल्यावर पानं घेतली. नीलाक्षी म्हणाली, "आई, तूपण बस ना आमच्याबरोबर."

"मला भूक नाही. तुम्ही खा."

पडद्यावर अक्षरं उमटायला लागली, तोच आईने भाजीचं टोपलं उचलून डब्यावर पालथं घातलं.

"पाहुण्यांचं ऐकायचं ते ऐक म्हणा त्याला. घरच्यांचं नाही."

नीलाक्षीने मान हलवली आणि ती जेवायला बसली. समोरचा माणूस जे म्हणतो ते खरं धरायचं, हा तिचा स्वभाव होता. संशोधनात तो कामाला येई.

दिल्लीत हिवाळ्यात श्वास घेणं अधिकृतपणे अवघड ठरल्यापासून तिथली काही खाती डिसेंबर-जानेवारी नागपुरात काढत. अधिवेशनाची सवय असलेल्या नागपूरकरांना याचं काही वाटलं नाही, त्यांनी फक्त भाडी वाढवली. त्यामुळे भारत-आरेनू मासेमारीची बोलणी सिव्हिल लाइन्सच्या एका बंगल्यात ठरली. आपल्या किती बोटींनी आरेनूच्या पाण्यात टूना धरायचा, एवढाच प्रश्न. आपल्या बाजूने सागरी शेजार विभागाचे अवस्थी होते: वक्तशीर, हुशार, आणि कुठलीही गोष्ट दोनदा विचारणं म्हणजे वेळेचा अपव्यय मानणारे.

यंत्राची बातमी त्यांच्यापर्यंत गेलीच होती. ते नीलाक्षीला म्हणाले, "डॉक्टर साहिबा, बुरा मत मानिए। मशीन सफल हुई, तो आपकी आरेनू डेस्क की ज़रूरत नहीं रहेगी।"

"और नहीं सफल हुई तो?"

"तो साबित होगा कि डेस्क की ट्रेनिंग ही ग़लत थी।"

आरेनूच्या बाजूने आल्या मादाम इसारा दोन्नू. वय सत्तरीचं, आधी शाळेत भूगोल शिकवलेला, मग परराष्ट्रमंत्री. साऱ्या आरेनूप्रमाणे त्यांचं हिंदीही मालिकांवर पोसलेलं. साधी खिडकी उघडा म्हणायचं तरी त्या मान वळवत आणि पार्श्वसंगीताला जागा सोडून बोलत.

"यह खिड़की," त्या म्हणत, "आज खुलकर रहेगी।"

पहिल्या दिवशी अवस्थींनी साठ बोटी मागितल्या. मादाम म्हणाल्या, नाही. पन्नास? नाही. चाळीस? नाही. टेबलाखाली प्रज्ञाच्या मांडीवर डबा होता. साठाला तो म्हणाला, पोट भरलं. पन्नासाला, दार उघडं. चाळिसाला, ताट वाढलं. मध्येच एकदा, विमानतळावर आपल्याला घ्यायला फारच कनिष्ठ अधिकारी आला होता असा मादामांनी ओझरता उल्लेख केला, तेव्हा पडद्यावर आलं: जावईबापू, चौऱ्याण्णव टक्के.

संध्याकाळी हा अहवाल अवस्थींच्या कचेरीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाक्षी दालनात शिरली तर आरेनूच्या रांगेत एक जास्तीची खुर्ची, पाण्याची बाटली, आणि समोर सुबक पाटी: श्री जावईबापू.

"रिपोर्ट में नाम था," अवस्थी म्हणाले. "चौरानबे प्रतिशत। इतना महत्त्वपूर्ण आदमी है और डेलिगेशन लिस्ट में नहीं! मैंने पास बनवा दिया। आए नहीं अभी तक?"

प्रज्ञा खोकण्याचं निमित्त करून बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

नीलाक्षीने त्यांना चारही खुणांचा अर्थ समजावला. त्याचबरोबर तिने सांगायचा प्रयत्न केला की दार उघडं असलं तरी ते ढकलायचं नसतं, आतून 'या' म्हणेपर्यंत उंबऱ्यावर थांबायचं असतं. अवस्थी घड्याळ पाहत होते. त्यांना एवढंच कळलं की उत्तर चाळीस आहे.

मादाम येऊन बसल्या. अवस्थींनी मसुदा त्यांच्यापुढे सरकवला.

"मैडम, समय बचाते हैं। हमारी मशीन कहती है, आप चालीस पर मान जाएँगी। यहाँ साइन कर दीजिए।"

मादामांनी पदर सावरावा तशी ओढणी सावरली, उभ्या राहिल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"अवस्थी जी। जिसने मेरी 'नहीं' सुनी ही नहीं, उसे मेरी 'हाँ' क्यों मिले?"

आणि त्या निघून गेल्या. जाताना श्री जावईबापूंची पाटी वाचून क्षणभर थबकल्या, पण विचारलं नाही.

नीलाक्षीला मादामांचं म्हणणं पुरतं कळलं होतं. आरेनूच्या संसदेत त्यांना सांगायचं असतं की मी पुन्हा पुन्हा नाही म्हटलं. लोकांनी फारच गळ घातली म्हणून शेवटी मानलं. त्या नकारांत त्या इवल्या देशाची सगळी आब असते. यंत्राने नकारातला होकार शोधून दिला होता, आणि त्याच क्षणी तो होकार देणं अशक्य करून ठेवलं होतं. बाबांच्या कॅसेटींत हेही होतं. फक्त त्याला खूण नव्हती.

बोलणी कशीबशी पुन्हा सुरू झाली, पण पुढचे दोन दिवस ती ऐकवेनात. आरेनूने कुठल्याशा मित्रराष्ट्राकडून तसाच एक डबा मागवला. आता दोन्ही बाजू एकमेकांच्या थांब्यांना घाबरू लागल्या. वरून फर्मान आलं की कोणीही मध्ये थांबायचं नाही, श्वास घ्यायचा तर समोरचा बोलत असताना घ्यायचा. मंडळी रेल्वे फलाटावरच्या घोषणेच्या सुरात बोलू लागली. "आपका-प्रस्ताव-विचाराधीन-है-कृपया-प्रतीक्षा-करें." प्रत्येक प्रश्नानंतर सगळे एकदम पाण्याचे पेले तोंडाला लावत, म्हणजे विराम नेमका कशाचा ते डब्याला कळू नये. दुपारपर्यंत निम्मं शिष्टमंडळ स्वच्छतागृहाकडे येरझाऱ्या घालत असे. मादामांचे तर हाल हाल. थांबल्याशिवाय त्यांना हिंदी बोलताच येत नसे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नीलाक्षीला वऱ्हांड्यात गाठलं. "किनखेडे साहब की पत्नी से मिले बिना मैं यह शहर छोड़कर नहीं जाऊँगी," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनाजोगं थांबून, "नहीं जाऊँगी।"

नीलाक्षीने त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बोलावलं. अवस्थींना वास लागला, आणि परराष्ट्राच्या मंत्र्यांनी खात्याच्या माणसाशिवाय कुठे जायचं नाही या नियमाचा आधार घेऊन तेही आले. प्रज्ञा आली ती डब्याशिवाय. आईची अट होती.

आईने वडाभात केला होता. वर घालायला हिंग-मोहरीची फोडणी, सोबत कढी, पाटोडीचा रस्सा, कोथिंबिरीची सांबारवडी. सगळं टेबलाच्या मधोमध मांडून ती म्हणाली, "लाजू नका. लागेल ते घ्या," आणि खुर्चीत बसून राहिली.

मादामांनी चमचाभर वाढून घेतलं होतं ते संपलं. "और लीजिए?" असं नीलाक्षीने एकदा विचारलं. "नहीं, बस।" अवस्थी म्हणाले, "मेरा तो डाइट चल रहा है।" प्रज्ञाही लोकलाजेने "झालं माझं" म्हणाली. मग सगळीजणं भरल्या पातेल्यांकडे बघत बसली. अवस्थींच्या पोटातून गुरगुर आली, ती त्यांनी खुर्ची सरकवून झाकली. भाताची वाफ विरत चालली.

नीलाक्षीच्या तेव्हा ध्यानात आलं की या घरात आग्रह करणारं माणूस आई कधीच नव्हती. आग्रह बाबा करत. हातात वडाभाताचं पातेलं घेऊन ते पाहुण्याच्या खांद्यापाशी उभे राहत, आणि पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला की बोटांच्या फटीतून वाढत. लहानपणी तिला त्याची लाज वाटे. नको म्हणतात ना लोक, मग कशाला? ती मैत्रिणींना कधी दुसऱ्यांदा विचारत नसे. बाबांना तरी कुठे विचारलं होतं?

ती उठली. पातेलं उचललं. ते अपेक्षेपेक्षा जड निघालं.

"लीजिए न, मादाम."

"नहीं।"

"थोडा."

"कदापि नहीं।"

नीलाक्षीचे कान तापले. मागे फिरावं असं तिला वाटलं. आई खुर्चीतून बघत होती. नीलाक्षीने डाव भरला आणि मादामांच्या खांद्यापाशी वाकली. "बाबा के हिस्से का समझकर लीजिए।"

मादामांनी मान वळवली. लांब थांबल्या. कुठल्याही यंत्राच्या मापात बसला नसता इतका लांब तो थांबा होता. मग ताटावरचा हात त्यांनी काढून घेतला.

"पतीला उठाकर तीन बार पूछा," त्या अवस्थींना म्हणाल्या. "किनखेडे साहब भी तीन बार पूछते थे। चौथी बार पूछने आते, तो हमारा मत्स्य-मंत्री पिछले दरवाज़े से भाग जाता था।" आणि त्यांनी भातावर फोडणी ओतून घेतली ती वाटी रिकामी होईपर्यंत.

अवस्थी वडाभाताकडे बघत होते. मग मादामांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर, गणित सुटलेल्या हुशार मुलासारखं काहीतरी हललं. त्यांनी कढीचं भांडं उचललं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा कोणाला काहीतरी वाढायला उभे राहिले.

"मैडम... कढ़ी?"

"नहीं।"

"लीजिए न।" वाढून झाल्यावर ते तसेच उभे राहिले. "और... नावें? एक बार फिर पूछ सकता हूँ?"

"पूछकर देखिए।"

"साठ?"

"असंभव।"

"पचास?"

"यह अन्याय है।"

"अहो, एकदम पन्नास काय?" आई न राहवून म्हणाली. तिला वाटलं विषय अजून जेवणाचाच आहे. "थोडं थोडं वाढावं."

अवस्थींनी कढीचं भांडं खाली ठेवलं. "छियालीस?"

मादामांनी डोळे मिटले. "आप लोग बहुत ज़िद्दी हैं," त्या म्हणाल्या. "मेरे देशवासियों को मैं क्या मुँह दिखाऊँगी।" आणि पुढ्यातली सांबारवडी मोडून तोंडात टाकली.

करार शेहेचाळीस बोटींवर झाला. यंत्राने सांगितल्या होत्या चाळीस. आग्रहाने दोन घास जास्तच जातात, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. प्रज्ञाने आपल्या अहवालात ते सहा बोटींचं अंतर 'अज्ञात घटक' म्हणून नोंदवलं. अवस्थींनी जाताना आरेनू डेस्क चालू ठेवायची शिफारस केली आणि आईकडून वडाभाताची कृती लिहून घेतली. दोन्ही गोष्टी दिल्लीला मंजूर होतील की नाही, याबद्दल ते साशंक होते.

बोलणी संपल्यावर प्रज्ञा यंत्र बंद करायला केंद्रात आली. नीलाक्षी तिथेच बसली होती. तिने फोन काढून डब्याशेजारी ठेवला.

"हे एक ऐकवायचंय त्याला."

प्रज्ञाने डबा सुरूच ठेवला. शब्द नक्की कुठले ते तिला ठाऊक नव्हतं, कोणाचे ते ठाऊक होतं.

नीलाक्षीने निरोप लावला. बाबांचा आवाज आला, तापाने जरा बसलेला. मी ठीक आहे. तू जा. मागे कुठेतरी आईने भांडं ठेवल्याचा आवाज होता. तो तिला आठवत नव्हता.

पडदा कोरा राहिला. दार उघडं नाही. पोट भरलं नाही. बऱ्याच वेळाने एकच शब्द आला, टक्क्यांशिवाय: विचारणारा.

"अरे देवा," प्रज्ञा हळूच म्हणाली. "माझ्या लक्षातच नाही आलं, ताई. शिकवताना मी त्यांचा आवाज वजा केला होता. या यंत्राच्या लेखी सर उत्तर देणारे नाहीतच. ते कायम प्रश्न विचारणारे. त्यांना ते मोजू शकत नाही. ज्या फुटपट्टीने मोजायचं, ती स्वतःला कशी मोजणार?" मग ती म्हणाली, "पुन्हा शिकवता येईल. सहा महिने लागतील. शिकवू?"

"नको," नीलाक्षी म्हणाली.

प्रज्ञाने तिच्याकडे निरखून पाहिलं. डब्याकडे पाहिलंच नाही. "बघा हं. पुन्हा विचारू?"

"विचार. पण आज नको." आणि दोघींना हसू आलं, ते जरा वेळ थांबलं नाही.

कराराच्या सह्या आरेनूच्या राजधानीत व्हायच्या होत्या. नीलाक्षीला मादामांचं खास बोलावणं होतं. टॅक्सी दाराशी आली. तिने बॅग उचलली आणि आईला नमस्कार केला.

"येते मी. तू राहशील ना नीट?"

"मी ठीक आहे," आई म्हणाली. "तू जा."

नीलाक्षी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली. मग बॅग तिथेच ठेवून वर आली.

"आई, तूपण चल."

"मी काय करू तिथे? खुळी का काय. जा, विमान चुकेल."

"समुद्र आहे. मादाम आहेत. चल ना."

"घराला कुलूप? गोतमारेकाकू काय म्हणतील? माझं काही नको काढू, जा तू."

टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला. नीलाक्षीने बाबांसारखी मान एका बाजूला कलती केली, हे तिला स्वतःला दिसलं नाही.

"आई. चल माझ्याबरोबर. मला एकटीने जायचं नाहीये."

आई आत गेली. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भरलेली बॅग होती, वर घडी घातलेली शाल, आणि शालीवर पासपोर्ट. नीलाक्षीने तो उघडून पाहिला. मुदत पुढच्या आठ वर्षांची होती. जुने दोन, एकही शिक्का नसलेले, रबर लावून त्यालाच बांधलेले.

"बॅग कधी भरलीस?"

"परवा."

"आणि हे जुने?"

"ते दर खेपेला विचारायचे, येतेस का आरेनूला? मी म्हणायची, मी काय करू तिथे. की निघाले बादली घेऊन." आईने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. "साऱ्या जगाला तीनतीनदा विचारणारा माणूस. मला एकदाच विचारायचा."

ती रागावलेली नव्हती. जिना उतरताना तिने नीलाक्षीच्या खांद्याचा आधार घेतला. काकूंच्या दाराशी थांबून तिने चावी दिली, आणि काकू "अगं बाई, बसा तरी" म्हणाल्या तेव्हा "बसत नाही" म्हणून खरोखरच बसली नाही.

आईचं तिकीट विमानतळावरच काढलं, पण विमानात जागा शेजारी शेजारी मिळाल्या. नीलाक्षीने वाट दिली. "खिडकीशी बसतेस?"

"नको, तू बस. मला काय दिसतंय आता."

मागे माणसं खोळंबली होती. हवाई सुंदरी हात जोडून पुढे सरका म्हणत होती. नीलाक्षी हलली नाही.

"बस ना, आई."

"तुला बघायचा असेल समुद्र," असं म्हणत म्हणत आई खिडकीशी बसलीसुद्धा.